रंगपेटी आणि रजेचा अर्ज

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे संस्थेच्या वाटचालीवर लेख मागितला होता. आम्ही इतिहासाचे शिक्षक, तेव्हा तो विषय आमच्याच वाट्याला यावा, हे रीतीला धरून होते. परंतु इमारतीची पायाभरणी, पहिली तुकडी, अनुदानाची मान्यता, वसतिगृहातील मुलांची वाढत गेलेली संख्या हे सारे अन्य मान्यवरांच्या लेखांतून येणारच आहे. म्हणून संपादकांची परवानगी घेऊन आम्ही वेगळ्याच एका कागदाविषयी लिहीत आहोत. तो कार्यालयातील लोखंडी कपाटात, सेवापुस्तकांच्या खालच्या कप्प्यात, एका जुन्या फाइलीत लावलेला आहे. तो आमच्या चित्रकलेच्या सरांचा रजेचा अर्ज आहे, आणि त्याच्या समासात आमच्या हातचा शेरा आहे.

सरांचे नाव येथे येऊ नये अशी त्यांचीच इच्छा आहे. या शाळेत शिकून गेलेल्या कोणालाही ते सांगण्याची आवश्यकता नाही. भोजनगृहाच्या भिंतीवरील भगवान बुद्धांचे चित्र, प्रवेशद्वारावरील अक्षरे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील चित्ररथ, ग्रंथालयातील बाबासाहेबांचे तैलचित्र, हे सगळे त्यांच्या हातचे आहे. जामखेडकडच्या कोरडवाहू गावातील त्यांचा जन्म. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि घरी म्हातारीपाशी राहिलेला हा मुलगा कोळशाने भिंती काळ्या करी. पुढे नगरला राहून त्यांनी कलेची पदविका पूर्ण केली, तीही दुकानांच्या पाट्या रंगवून. दिवसा कॉलेज आणि रात्री शिडीवर उभे राहून किराणा दुकानाची, सलूनची, खतांच्या विक्रेत्यांची अक्षरे. त्यांच्या अक्षराला जे वळण आहे ते शिडीवरचे आहे, असे ते हसून सांगतात.

शाळा सुटली की सर भोजनगृहामागच्या धान्याच्या खोलीत जात. त्या खोलीचा अर्धा भाग संस्थेने त्यांना दिला होता. एका बाजूस ज्वारीची पोती, दुसऱ्या बाजूस कॅनव्हास. ऊसतोडीच्या फडातील माणसे हा त्यांचा विषय: मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढणारी बाई, कोयता उशाशी ठेवून निजलेला माणूस, पाचटाच्या खोपीपुढे पहाटे पेटलेली चूल. मुंबईतील एका समूह प्रदर्शनात त्यांची तीन चित्रे लागली होती आणि त्यांतील एक विकले गेले होते. त्या रकमेतून त्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी रंगपेट्या आणल्या. हे त्यांनी कोणास सांगितले नाही. दुकानदाराच्या पावतीवरून ते आम्हांस समजले.

आता आमच्याविषयी थोडे. आम्ही एम.ए. झालो ते पुणे विद्यापीठाचे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून. नोकरी लागून तीनचार वर्षे झाली होती, वसतिगृहाच्या रात्रीच्या देखरेखीची जबाबदारीही आमच्याकडेच होती. नऊ वाजता मुले निजली की आम्ही अधीक्षकांच्या खोलीतील नळीदिव्याखाली पुस्तके उघडून बसत असू. विद्यापीठाचे आमच्याशी असलेले नाते फारच सोपे होते. त्याने अभ्यासक्रम कळविला, आम्ही अर्ज आणि शुल्क भरले, आणि उन्हाळ्यात परीक्षेला बसलो. आम्ही कोठे राहतो, काय काम करतो, कोणत्या वेळी वाचतो, याची त्याने कधी चौकशी केली नाही. परीक्षेच्या दहा दिवसांत आमच्या तासिका चित्रकलेच्या सरांनी घेतल्या. त्या आठवड्यात वर्गाला फ्रेंच राज्यक्रांती शिकवायची होती. सरांनी ती खडूने शिकविली. बॅस्टिलच्या तुरुंगाचे त्यांनी फळ्यावर काढलेले चित्र आम्ही नगरहून परत येईपर्यंत मुलांनी पुसू दिले नव्हते. गणिताच्या बाईंनी तेवढे दिवस फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात गणिते सोडविली.

एम.ए. झाल्याने आमच्या पगारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परंतु नावापुढे दोन अक्षरे लागली, आणि सभेत आमचे म्हणणे पूर्वीपेक्षा थोडे अधिक ऐकून घेतले जाऊ लागले. पुढे आम्ही पर्यवेक्षक झालो.

सरांचा अर्ज आला तो आम्ही पर्यवेक्षक असताना, सुमारे सतरा-अठरा वर्षांपूर्वी. एका कला महाविद्यालयात चित्रकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी त्यांची निवड झाली होती. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ, उपस्थितीची अट कडक. दोन वर्षांची असाधारण रजा विनावेतन मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. मुख्याध्यापकांनी अर्ज आमच्याकडे अभिप्रायासाठी पाठविला. आम्ही समासात लिहिले: "शाळेत कलाशिक्षकाचे एकच पद आहे. रजा मंजूर केल्यास इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीवर व निकालावर परिणाम संभवतो. सबब शिफारस करता येत नाही." खाली सही, तारीख.

या शेऱ्यातील एकही शब्द खोटा नव्हता. पद एकच होते. शासकीय रेखाकला परीक्षांना आमची सत्तर-ऐंशी मुले बसत आणि पालकांचेही तिकडे लक्ष असे. बदली शिक्षकाचे मानधन संस्थेला परवडणारे नव्हते. एवढ्या सबबी हाताशी असताना मनाला फारसे टोचत नाही. सर त्या संध्याकाळी परीक्षेच्या बैठक व्यवस्थेचा तक्ता घेऊन आमच्या खोलीवर आले. तक्ता टेबलावर ठेवून जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "सर, तुम्ही लिहिलंत ते बरोबरच आहे. पण मी इतिहासात एम.ए. करत असतो, तर हा अर्ज करावाच लागला नसता."

हे वाक्य आमच्या मनातून आजतागायत गेलेले नाही. त्यानंतर आम्ही या विषयाचा जमेल तसा शोध घेत राहिलो. इतिहासाच्या माणसाला अपराधी वाटू लागले की तो कागदपत्रे गोळा करू लागतो.

आपल्याकडे काम करीत शिकण्याची परंपरा क्षीण आहे असे नव्हे. उलट आपल्या समाजाचे शिक्षण उभे राहिले तेच मुळी त्या पायावर. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. कारकून, गिरणीत काम करणारे, बंदरात हिशेब लिहिणारे विद्यार्थी त्या वर्गांत बसत. खुद्द बाबासाहेबांचे लंडनमधील शिक्षण खंडित झाले होते, हे आपण मुलांना शिकवतो. पण ते पुन्हा जोडले कसे गेले, याकडे आपले लक्ष जात नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यास सोडून परतावे लागले. त्या वेळी संस्थेने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा दिली. मधल्या काळात त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसे साठविले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले, आणि १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या मिळविल्या. ती चार वर्षांची मुभा नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो. आमच्या शेऱ्यात तशी मुभा कोठेही नव्हती. 'आत्ता नाही, परंतु पुढील वर्षी' असेही आम्ही लिहू शकलो असतो.

मग चित्रकाराच्या बाबतीतच अडचण का? विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास मनाई असलेल्या विषयांची जी यादी केली आहे, तीत अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुकला यांच्या पंगतीला दृश्यकलाही बसविलेली आहे. विचार असा की, हे विषय हाताने आणि प्रत्यक्ष गुरूसमोर शिकण्याचे आहेत, पोस्टाने शिकण्याचे नव्हेत. हा विचार चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. अठरा वर्षांच्या मुलाला मानवाकृती रेखाटायला शिकवायची असेल, ग्राफिकच्या छापयंत्रावर हात बसवायचा असेल, भट्टीचे तापमान ओळखायला शिकवायचे असेल, तर शिक्षक शेजारी उभा हवा. सरांनाही हे मान्य आहे. ते म्हणतात, रेघ पत्राने सुधारत नाही.

परंतु येथे एक भेद करावयास हवा, आणि तो कोणी करीत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि वीस वर्षे रोज चित्र काढणारा माणूस हे दोघे एकाच रांगेतले नव्हेत. दुसऱ्याकडे हात आहे, खोली आहे, विषय आहे, सवय आहे. त्याला हवे असते ते निराळेच: आपले काम निर्भीडपणे पाहणारे चार डोळे, कलेच्या इतिहासाचे शिस्तबद्ध वाचन, एखादे चांगले ग्रंथालय, आपण जे करतो ते शब्दांत मांडण्याचा सराव, आणि शेवटी ते सिद्ध करणारा कागद. यांपैकी कोणत्या गोष्टीसाठी त्याने दोन वर्षे घर आणि नोकरी सोडली पाहिजे? वर्षातून दीड-दोन महिने एकत्र यावे, उरलेले वर्ष आपापल्या ठिकाणी काम करावे, पुन्हा यावे, हे का चालू नये? अमेरिकेतील बार्ड महाविद्यालयात १९८१ पासून कलेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम याच धर्तीवर चालतो. कलावंत तीन उन्हाळ्यांत प्रत्येकी सुमारे आठ आठवडे तेथे राहतात आणि मधल्या काळात आपल्या गावी, आपल्या कामात असतात. हे महाविद्यालय ज्या न्यूयॉर्क राज्यात आहे, तेथेच कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले. त्यामुळे तो पत्ता वाचताना आम्हांस उगाचच आपलेपणा वाटला.

परदेशाचे उदाहरण नको असेल तर आपल्या घरचे घ्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. त्याचा सेवेतील शिक्षकांसाठीचा बी.एड. अभ्यासक्रम आमच्या जिल्ह्यातील असंख्य शिक्षकांनी पूर्ण केला. शिकविणे हेदेखील हाताने, आवाजाने, समोरच्या माणसांवर करावयाचे काम आहे. त्याचे पाठ घ्यावे लागतात, निरीक्षण व्हावे लागते. सुट्टीत संपर्कसत्रे आणि उरलेले वर्ष स्वतःच्याच शाळेत काम, अशी त्याची मांडणी होती. शिक्षकाची शाळा त्याची प्रयोगशाळा होऊ शकते, तर चित्रकाराची धान्याची खोली का नाही, एवढेच आमचे विचारणे आहे.

आणखी एक विसंगती येथे नमूद करणे अवश्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरिता अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. म्हणजे कला शिकविणारा माणूस अर्धवेळ चालतो, किंबहुना तो अर्धवेळच असावा अशी योजना आहे. त्याने स्वतः पुढे शिकायचे म्हटले की मात्र पूर्णवेळ हवा. अर्ध्या मानधनावर जगणाऱ्याने पूर्ण वेळ कोठून आणावा, हे अनुसूचीत लिहिलेले नाही.

याच्या जोडीला पदविकेचा प्रश्न आहे. मुंबईत सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली जे कलाशिक्षण सुरू झाले, त्याच्या परंपरेतून राज्यभर कला विद्यालये निघाली. १९६५ मध्ये स्वतंत्र कला संचालनालय झाले. लोकांच्या तोंडी जी.डी. आर्ट या नावाने रुळलेली पदविका घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील कितीतरी मुले चित्रकार, कलाशिक्षक, जाहिरात कलाकार झाली. ती वर्षानुवर्षे घासून शिकलेली मुले आहेत. पण पदविका म्हणजे पदवी नव्हे. पदव्युत्तर प्रवेशासाठी चौकशी करताना सरांना एका ठिकाणी प्रथम हेच ऐकावे लागले, आणि समकक्षतेचे पत्र मिळविण्यात त्यांचा एक उन्हाळा गेला. जे.जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, याचा आम्हांस आनंद आहे. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक साठविण्याची, मध्येच थांबून पुन्हा येण्याची सोय बोलली जाते. ती जामखेडच्या किंवा पाथर्डीच्या चित्रकारापर्यंत कशी आणि कधी पोहोचते, ते पाहावयाचे.

कोणी म्हणेल, कलावंताला पदवी कशाला? हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला गेला आहे, आणि विचारणारे बहुधा पदवीधर असतात. कृष्णाजी हौलाजी आरा लहानपणी घर सोडून मुंबईत आले, मोटारी धुतल्या, घरकाम केले, आणि १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत त्यांचे नाव लागले. सुधीर पटवर्धन पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, ठाण्यात २००५ पर्यंत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत राहिले आणि त्याच शहरातील कष्टकऱ्यांची चित्रे काढीत राहिले. हे खरे आहे. परंतु पटवर्धनांकडे वैद्यकाची पदवी होती आणि आरांना मुंबईत मोठ्या मनाचे रसिक भेटले. आमच्या सरांकडे यांपैकी काही नव्हते. ज्या समाजाच्या हातून पिढ्यानपिढ्या कारागिरी करवून घेतली आणि जिच्या खाली त्याचे नाव लिहू दिले नाही, त्याला कागदाचे मोल सांगावे लागत नाही.

नाव न लागण्याचे एक उदाहरण आमच्या नगरचेच आहे. निजामशाहीतील हुसेन निजामशाहाच्या स्तुतिपर 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईचे वर्णन त्यात आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. कवीचे नाव आफताबी, हे आपणांस ठाऊक आहे. राणी खुंजा हुमायूनची आकृती पुढे काही चित्रांतून पुसून टाकली गेली, हेही ठाऊक आहे. चित्रे काढणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. पुसलेल्या राणीची निदान जागा दिसते. आम्ही हे सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पण रंग राहिलेत ना, सर." त्यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही.

सरांनी पुन्हा अर्ज केला नाही. धाकट्या भावाचे शिक्षण, मग आईचे आजारपण, मग स्वतःच्या मुली. दरम्यान फ्लेक्सचे छापील फलक आले आणि ज्या पाट्यांवर त्यांनी शिक्षण काढले, त्या पाट्याच संपल्या. नगरमधील त्यांचे सोबती पेंटर कोणी रिक्षा घेतली, कोणी भिंती रंगविण्याची कंत्राटे. चित्रे काढणे सरांनी थांबविले नाही, प्रदर्शनास पाठविणे मात्र थांबविले. का, असे विचारता म्हणाले की माहितीपत्रकात शिक्षणाचा रकाना असतो.

दरवर्षी जानेवारीत सर आठवी-नववीची दहाबारा मुले घेऊन अजिंठ्यास जातात. गेली काही वर्षे आम्हीही सोबत असतो. बसमध्ये आम्ही वाकाटक राजा हरिषेण, त्याचा अमात्य वराहदेव, सोळाव्या लेण्यातील शिलालेख असे सांगत जातो. लेण्यात शिरल्यावर आमचे बोलणे संपते आणि सरांचे सुरू होते. दगडावर आधी माती, भाताचे तूस यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरूची बाह्यरेषा. काजळीचा काळा कोठे, हिरवा कोणत्या दगडाचा. बोधिसत्त्वाच्या हातातील कमळाकडे नजर कशी वळविली आहे. मुलांना ते एकेका लेण्यात एकच कोपरा पाहू देतात. दोन वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर त्यांनी जे.जे.च्या विद्यार्थ्यांची हकीकत सांगितली. प्राचार्य ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे कितीतरी हिवाळे आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेले. हंगामभर तेथे राहून त्यांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि नंतर ते मुंबईस परतले. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. त्याआधीच्या रॉबर्ट गिल यांच्या प्रतिकृतीही अशाच, १८६६ साली. पुढे १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार आले, तेही हिवाळ्यातच. सर म्हणाले, "हिवाळ्यात तिथं, बाकी वर्ष आपल्या गावी. तुमच्या त्या अमेरिकेच्या कॉलेजासारखंच झालं की हे." आम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यवस्थेविषयी वाचले होते, परंतु या दृष्टीने कधी पाहिले नव्हते.

अजिंठ्यावरील निरीक्षणांच्या त्यांच्या पाच वह्या झाल्या आहेत. मराठीत, शिडीवरच्या अक्षरात, पानोपानी रेखाटने. आम्ही त्या वाचल्या. आमच्या एम.ए.च्या कोणत्याही उत्तरपत्रिकेत एवढे मूळ काम नव्हते, हे आम्ही येथे छापून देत आहोत.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात कुंचला हाती घेतला आणि उघड्या डोळ्यांचे बुद्ध रेखाटले, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. भोजनगृहातील चित्रातले बुद्ध सरांनी तसेच काढले आहेत. लहान मुले विचारतात, हे मिटत का नाहीत डोळे? सर सांगतात, तुमच्या ताटात काय पडतंय ते बघतायत.

आता हा लेख लिहिण्याचे निमित्त. याच शाळेचा एक माजी विद्यार्थी, संस्थेने मानधनावर नेमलेला, गेली सहा वर्षे सरांच्या हाताखाली खालच्या वर्गांना चित्रकला शिकवितो. टाकून दिलेल्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर तो चित्रे काढतो. पुढच्या बाजूस कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. त्याची पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी निवड झाली आहे. अभ्यासक्रम पूर्णवेळच आहे. त्याचा अर्ज या महिन्यात आमच्या टेबलावर आला, कारण आता आम्ही उपमुख्याध्यापक आहोत. दोन वर्षे जागा राखून ठेवावी, आणि दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन रेखाकला परीक्षेचे जादा तास घेऊ द्यावेत, म्हणजे मानधनाचा काही भाग चालू राहील, अशी त्याची विनंती आहे. उरलेल्या तासिका आपण घेऊ असे सरांनी स्वतःहून कळविले आहे. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत.

शेरा लिहिण्यास आम्हांस या वेळी दोन दिवस लागले. व्यवस्थापन समितीसमोर टिकावा म्हणून त्यात तासिकांचे वेळापत्रक जोडले, परीक्षेच्या तयारीचा तक्ता जोडला, आणि 'जागा राखून ठेवण्याची शिफारस करण्यात येत आहे' असे लिहिले. कार्यालयात देण्याआधी तो सरांना दाखविला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, अभ्यासक्रमाच्या नावात आम्ही केलेली शुद्धलेखनाची चूक बोटाने दाखविली, खिशातील पेन्सिलीने ती हलकेच दुरुस्त केली आणि सातवीच्या तासाला निघून गेले.